मॉड्यूलचं तिसरं तोंड

आधीच सांगते, मी भित्री बाई नाही. गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पत्राकामाचं वर्कशॉप एकटीनं चालवते. लेबर, लाइट, टॅक्सवाले, सगळ्यांना पुरून उरलेय. तुम्ही बसा नीट. पंखा हवा असेल तर तुमच्याकडे फिरवून घ्या. गोष्ट रविवारच्या भर दुपारची आहे, त्यामुळे मध्यरात्र, घुबड, असलं काही मिळणार नाही तुम्हाला.

मी मूळची सांगलीची, विद्युलता माझं नाव. लग्न करून मद्रासला आले आणि इथलीच झाले. वर्कशॉप माझ्या नवऱ्यानं काढलं, शरदचंद्रनं. माणूस लाखात एक, पण कामात एक खोड होती. पत्र्याला ड्रिलनं भोक पाडलं की ड्रिल जिकडून बाहेर पडतं, त्या बाजूला भोकाच्या कडेला धातूची खरबरीत धार राहते. आम्ही वर्कशॉपवाले तिला बर म्हणतो. कानस फिरवून ती काढायची असते, दोन सेकंदांचं काम. हा पठ्ठ्या कधी काढायचा नाही. "चालतंय गं, कोण बघतंय मागून!" म्हणायचा. यावरून आम्ही जन्मभर भांडलो. मी गिऱ्हाइकांसमोरसुद्धा त्याला झापलंय. तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली, पण अजूनही एखाद्या भोकावरून बोट फिरवलं आणि खरचटलं की तोंडातून त्याचंच नाव निघतं.

असो. तो गेल्यावर मला मॉडेल रेल्वेचा नाद लागला. हसू नका. आमचा क्लबच आहे. इथं कुणाच्याच घरात मोठी रेल्वे मांडायला जागा नाही, म्हणून प्रत्येकानं आपापल्या घरी एक तुकडा बनवायचा, टेबलाएवढा. त्याला मॉड्यूल म्हणायचं. कुणी त्यावर भातशेती करतं, कुणी पूल, कुणी स्टेशन. मग माझ्या शेडमध्ये सगळे तुकडे आणून एकाला एक जोडायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी पळवायची. हे जमायचं तर प्रत्येक तुकड्याची टोकं एकसारखी पाहिजेत. ते मानक मी लिहिलं. जमिनीपासून उंची ठरलेली, रुळांची जागा ठरलेली, आणि जिथं म्हणून रूळ कडेला पोचतो तिथं लोखंडी एंडप्लेट, तीन भोकांची, माझ्याच वर्कशॉपात कापलेली. "माझ्या मानकाप्रमाणे बनवा, मग एकमेकांचं तोंड पाहिलं नसलं तरी तुमचे रूळ जुळणार." हे वाक्य मी प्रत्येक नव्या मेंबरला छाती पुढे काढून ऐकवायची. आता नाही ऐकवत.

जोडायची आमची एक पद्धत आहे. दोन मॉड्यूलं शेजारी आली की दोघांचे मालक खाली वाकतात. एकजण आपल्या प्लेटमधून बोल्ट घालतो आणि म्हणतो, "घातला." दुसरा पलीकडून त्यावर विंगनट, म्हणजे बोटांनी पिळायचा कानांचा नट, फिरवून घट्ट करतो आणि म्हणतो, "सरी." सरी म्हणजे तमिळमध्ये ठीक. मधे दोन प्लेटा असल्यामुळे एकमेकांचे हात दिसत नाहीत. एकट्या माणसाला हे नीट जमत नाही, बोल्ट निसटतो. जोडायला दोघं लागतात आणि सोडायलाही दोघं.

आमच्यात "सरी" न म्हणणारी एकच बाई होती. कामाक्षीवहिनी. मुळातच कमी बोलायच्या. नट घट्ट झाला की हातातली बांगडी प्लेटवर दोनदा आपटायच्या. टक, टक. झालं, पुढचा बोल्ट घाला.

वहिनी म्हणजे राणोजीरावांची बायको. राणोजीराव रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातून सुतारकामातला हेड होऊन रिटायर झालेले. घराणं तंजावरचं. त्यांची मराठी शेकडो वर्षांपूर्वी इकडे आली ती इथंच मुरली. "मला"च्या जागी "मज", "माहीत"च्या जागी "ठावं", आणि चाल सगळी तमिळ. माझ्या सांगलीच्या कानाला पहिल्या दिवशी हसू आलं, मग इतकी गोड वाटायला लागली की मी त्यांना उगाच बोलतं करायची. नवराबायको मिळून मॉड्यूलं करायचे. ह्यांनी लाकूड आणि रूळ, वहिनींनी झाडं, घरं, माती. गेल्या वर्षी वहिनींनी हट्टानं स्वतःचं एकटीचं मॉड्यूल करायला घेतलं. चौकट झाली, माझ्याकडून एंडप्लेट नेली, आणि त्यातच त्यांचा आजार निघाला. दिवाळीआधी गेल्या.

आता तो रविवार. पुढच्या आठवड्यात आमचं प्रदर्शन होतं आणि त्याआधी सगळं जोडून बघायचं होतं. बाकीची आयटीतली पोरं जेवून येणार होती, म्हणजे संध्याकाळ झालीच समजा. राणोजीराव मात्र सांगितल्या वेळेला हजर. कुट्टी यानैत मॉड्यूल घालून आले. इथं छोट्या टेम्पोला कुट्टी यानै म्हणतात, हत्तीचं पिल्लू. ड्रायव्हरनं आणि मी मिळून ते उतरवलं, भिंतीलगतच्या रांगेत उभं केलं. ड्रायव्हर गेला. राणोजीरावांचा चेहरा मला ठीक वाटला नाही. घाम नुसता निथळत होता, पण चेन्नईत घामाचं कोण काय म्हणणार?

"बंगळूरची तयारी झाली का?" मी विचारलं. त्यांची एकुलती एक लेक मधुवंती तिकडे असते. तिला आठवा महिना होता. प्रदर्शन आटोपलं की राणोजीराव तिच्याकडे बाळंतपणाला जाणार होते. आई नाही, निदान बाप तरी.

"होय की," ते म्हणाले. पण लक्ष मॉड्यूलकडे.

मी माझी मापाची पट्टी घेऊन तपासायला लागले. उंची बरोबर. रूळ बरोबर. डावी प्लेट, उजवी प्लेट, सुरेख. आणि मग माझी नजर मागे गेली. मधून एक फाटा फुटून रूळ मागच्या कडेला गेले होते, थेट काठापर्यंत. आणि तिथं, मागच्या बाजूला, तिसरी एंडप्लेट.

"हे काय हो राणोजीराव? मागे कोण जोडणार आहे? मागे काळा पडदा आणि त्याच्यामागे भिंत!"

"रूळ कडेस गेला तर प्लेट पाहिजे. तुमचंच मानक बाई."

आली का पंचाईत! माझाच नियम माझ्या अंगावर. "पण रूळ कडेला नेलाच कशाला? उघडं तोंड आहे ते. इंजिन गेलं तर सरळ खाली पडेल."

ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "तिची चौकट मी चितेवर ठेविली बाई. तुम्हास ठावं. तिचं काम, तिजसंगे जाऊ दे म्हटलं. प्लेट लावलेली होती त्यास. दुसऱ्या दिवशी राख गोळा करायला गेलों. खिळे मिळाले. तिची जोडवी मिळाली. प्लेट मिळाली नाही. सगळी राख मी या हातांनी चाळली... लोखंड जळतं का बाई? तुम्ही पत्र्याचं काम करता, तुम्ही सांगा."

लोखंड नाही जळत हो. तेवढ्या आगीत वाकतंसुद्धा जेमतेम. पण म्हाताऱ्या माणसाला असं तोंडावर कसं सांगायचं? "कुणी भंगारवाल्यानं उचलली असेल," मी म्हटलं.

"असेल," ते म्हणाले. "पण तिनं चौकट संगे नेली असेल तर ती पुरीही करेल. अर्धं काम टाकणारी बाई नव्हे ती. मग तिनं जोडायचं कुठं? म्हणून एक तोंड ठेविलं."

मला भडभडून आलं आणि त्याचाच राग पण आला. माझं तसंच आहे, रडू आलं की मी ओरडते. "ते काही नाही! प्रदर्शनाला लहान मुलं येतात. मी तिथं आडवी पट्टी मारणार, तोंड बंद करणार. तुम्ही कॉफी घ्या तोवर." थर्मास त्यांच्यापुढे ठेवला आणि मी बोल्ट घेऊन टेबलाखाली घुसले.

रविवारी इस्टेट कशी असते ठाऊक आहे का तुम्हाला? आठवडाभर लेथ, प्रेस, ग्राइंडर यांचा इतका गोंगाट असतो की रविवारची शांतता कानात दडे बसल्यासारखी वाटते. पत्र्याच्या छपराला ऊन लागून मधेच कडकड वाजतं, बस्स. टेबलाखाली पडद्याचा काळोख होता. कटिंग ऑइलचा वास, फेविकॉलचा वास. माझा बेत साधा होता. आतून बोल्ट घालायचा, मग रांगेच्या टोकाकडून पडद्यामागे हात घालून बाहेरून पट्टी बसवायची आणि नट फिरवायचा. पडदा आणि भिंत यांच्यात जेमतेम वीतभर फट.

मी बोल्ट भोकात सरकवला. आणि सवयीनं, अगदी निव्वळ सवयीनं, तोंडातून निघून गेलं, "घातला."

बोल्ट माझ्या बोटांतून पुढे ओढला गेला.

अहो, मी हजारो बोल्ट घातलेत. पलीकडून कुणी नट चढवायला लागलं की बोल्टाचं डोकं बोटात कसं हलतं ते मला झोपेतही कळेल. आधी नट आटे शोधतो, तेव्हा बोल्ट किंचित डुगडुगतो. मग आटा धरतो. मग एक एक वळसा. तसंच झालं. डुगडुगला, धरला, आणि डोकं माझ्या बोटात हळूहळू फिरायला लागलं. फिरू नये म्हणून आम्ही ते दाबून धरतो. मीही धरलं. कसं धरलं कुणास ठाऊक, पण हात कामाला सरावलेला होता, त्यानं धरलं. बोल्ट घट्ट झाला. आणि मरव्याचा वास आला. वहिनी वेणीत मरवा माळायच्या.

मग प्लेटच्या पलीकडून, माझ्या कपाळापासून हातभर अंतरावर...

टक, टक.

मी तशीच गुडघ्यांवर. वरून राणोजीरावांचा आवाज आला. इतका हलका, इतका आनंदी आवाज मी त्यांच्याकडून वर्षभरात ऐकला नव्हता.

"ऐकिलं ना बाई? आली."

मी बाहेर निघेपर्यंत त्यांनी कंट्रोलर हातात घेतला होता. त्यांचं ते निळं इंजिन, मागे दोन डबे. इंजिन सुरू झालं, शेतामधून गेलं, फाट्यावर वळलं आणि मागच्या काठाकडे निघालं. मी "थांबा!" म्हणून हात पुढे केला. इंजिन पडद्याखालून पलीकडे गेलं. डबेही गेले.

पडल्याचा आवाज आला नाही.

रूळ जिथं जोडलेला असतो तिथं चाकं खटखट वाजतात. ती खटखट चालूच होती. पडद्याच्या मागे, मग भिंतीच्या मागे, मग आणखी लांब. माझ्या भिंतीपलीकडे दुसऱ्याचं कुलूपबंद गोडाऊन आहे हो! खटखट मात्र मोकळ्या माळावरून यावी तशी येत राहिली. बारीक होत गेली.

"लांब केलंय तिनं," राणोजीराव म्हणाले. "केवढं लांब केलंय बघा..."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ निळसर पडले होते. डावा हात मांडीवर लुळा, उजव्यात कंट्रोलर. मी हात धरला तर बर्फ. "राणोजीराव! छातीत दुखतंय का?"

"दुखत नाही बाई. सुखानं आहे. थोडा वेळ असाच राहू दे मज... गाडी पोचली की मीही..."

मग मात्र मला सगळं लख्ख कळलं. हे जुळलेलं राहिलं तर हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर निघून जाणार. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला, पत्ता ओरडून सांगितला, आणि पुन्हा टेबलाखाली घुसले. पाना लावला बोल्टाला. फिरवला. बोल्ट जागच्या जागी फिरत राहिला, ढिला होईना. होणार कसा? नट पलीकडे. सोडायलाही दोघं लागतात, नियम माझाच. पडद्यामागून हात घातला, चाचपलं. हाताला भिंत लागली, थंडगार, आणि काहीच नाही. ना मॉड्यूल, ना नट, ना बोल्टाचं टोक. पण आतून बोल्ट घट्ट तो घट्टच.

तेव्हा मी रडले. सरळ भोकाड पसरलं. त्या लोखंडी प्लेटला कपाळ टेकलं आणि म्हटलं, "वहिनी, मी विद्युलता. तुमचं काम झालं ना पुरं? झालं. छान झालं. पण आज नका नेऊ यांना... मधुवंतीला आठवा चाललाय. पोरीला आई नाही बाळंतपणाला. बापही नको का? तुम्ही असतात तर तुम्ही गेला असतात ना? मग तुमच्या जागी यांना जाऊ दे. सोडा, वहिनी... मी धरलाय बोल्ट. तुम्ही नट सोडा."

छपराचा पत्रा एकदा कडकडला. बराच वेळ काही नाही. वर राणोजीरावांचा श्वास घरघरत होता.

मग बोटातलं डोकं थरथरलं. आणि उलटं फिरायला लागलं. सावकाश, एक एक वळसा, मन घालून. शेवटचा आटा सुटला आणि बोल्ट माझ्या तळहातात आला. गरम होता. मी वाट पाहिली, पण या वेळी बांगडी वाजली नाही.

ॲम्ब्युलन्स आली. राणोजीराव वाचले. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं. स्टेंट घातली, पंधरवड्यानं बंगळूरला गेले. मधुवंतीला मुलगी झाली. त्यांनी फोनवर तिचं रडणं मला ऐकवलं आणि मग हळूच विचारलं, "बाई, इंजिन?"

"मिळालं नाही," मी म्हटलं. खरंच नाही मिळालं. पडदा काढला, फटीत टॉर्च मारला, शेजारच्याकडून गोडाऊन उघडून घेतलं. इंजिन नाही, डबे नाहीत, नट नाही.

"असू दे," ते म्हणाले. "तिजकडं आहे. नातीस थोडं मोठं करितों, मग पाहू." आणि हसले. मलाही हसू आलं. त्यांच्या मॉड्यूलच्या मागच्या तोंडावर मी आता जाड पट्टी वेल्ड केली आहे. बोल्ट नाहीत, वेल्डच. मी एकदा चूक करते, दोनदा नाही.

इथं गोष्ट संपते, असं मी सगळ्यांना सांगते. तुम्हाला मात्र पुढचं सांगते, कारण शरदची ती खोड आता तुम्हाला ठाऊक आहे.

माझं स्वतःचं मॉड्यूल पत्र्याचं आहे. त्याची मागची बाजू सपाट, कोरी. रूळ तिकडे जातच नाहीत. ते बाराही महिने शेडच्या भिंतीला टेकून असतं. गेल्या महिन्यात धूळ पुसायला पुढे ओढलं, आतून मागच्या पत्र्यावरून फडकं फिरवलं आणि बोट खरचटलं. रक्त आलं. वाकून पाहिलं तर मागच्या पत्र्याला एक भोक. जागा मी मापून पाहिली. माझ्या एंडप्लेटमधलं पहिलं भोक जिथं असतं तिथंच, केसाचाही फरक नाही.

आणि बर आतल्या बाजूला. म्हणजे ड्रिल आतून नाही लावलेलं. मागून लावलंय, भिंतीकडून.

बर तशीच ठेवलेली होती. कानस फिरवायचे कष्ट घेतले नव्हते.

मी तिथंच फरशीवर बसले आणि इतकी हसले, इतकी रडले. "अरे शहाण्या," म्हटलं, "तिकडे जाऊनही सुधारला नाहीस ना!" मग कानस घेतली आणि बर साफ काढून टाकली. भीती? वाटली की. पण राग जास्त आला होता, आणि खरं सांगू, आनंदही. जिवंत असता तर माझ्या रेल्वेला खेळणी म्हणून हसला असता, आणि आता बसलाय मॉड्यूल करत.

काल पुन्हा ओढून पाहिलं. आता दोन झालीत. मानकात तीन आहेत.